‘डिअर मंदार’पासून ‘हाय मंदार’पर्यंत

बाई,

तुम्ही गेल्याचा मेसेज मलाच लिहावा लागला. तुमचा मंदार हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, “अर्चनाताई, शाळेच्या ग्रुपवर तू कळव.” मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मराठीत लिहायला घेतलं. ‘आपल्या बाई’ एवढं लिहिलं आणि पुढे जाता येईना. मग इंग्रजीत वळले. तिथं निदान कोणता शब्द घ्यायचा याचा विचार करता आला.

‘एक्स्पायर्ड’ लिहिलं नाही. आठवीत तुम्ही फळ्यावर तो शब्द लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती. “औषध एक्स्पायर होतं, बसचा पास एक्स्पायर होतो. माणूस नाही.” ‘पास्ड अवे’ लिहिलं आणि खोडलं. शेवटी साधं ‘डाइड’ लिहिलं. तुम्ही म्हणायचात, हा एक शब्द अर्जातही चालतो आणि मैत्रिणीच्या पत्रातही. त्याला कपडे बदलावे लागत नाहीत.

मग फोन वाजतच राहिला. आरआयपी मॅम. आरआयपी बाई. डीपेस्ट कंडोलन्सेस. कुणी एकानं नुसतेच जोडलेले हात पाठवले, सहा वेळा. तुम्ही असतात तर लाल पेन काढलं असतंत असं वाटलं आणि हसू आलं. मग त्या बाकावरच रडले. शेजारच्या पेशंटच्या नातेवाईक बाईंनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं.

तुमचं तेरावं होऊन गेलंय. इतके दिवस वर्ग उघडला नव्हता. आज उघडला, खिडक्या पुसल्या आणि लिहायला बसले.

मी लहवित गावची. घरी गुलाब आणि भाजीपाला. पहाटे फुलं तोडून, आवरून मी सायकलवर लष्करी कॅम्पात शाळेला यायची. माझ्या हातांना काट्यांचे ओरखडे असायचे. तुम्ही पहिल्यांदा माझी वही हातात घेतलीत तेव्हा वहीआधी हात पाहिलेत, बोलला मात्र काही नाहीत. दुसऱ्या दिवशी एक मलमाची ट्यूब माझ्या कंपासपेटीत होती. ती कुणी ठेवली हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही कधी सांगितलं नाहीत.

इंग्रजी पत्रलेखन आम्हाला दोन प्रकारचं असायचं, फॉर्मल आणि इन्फॉर्मल. फॉर्मलवर तुमचा जीव. बाजारातल्या, क्वार्टरमधल्या बायका तुमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायच्या. “दीदी, साहब को बुरा ना लगे ऐसा लिख दो,” म्हणायच्या. तुम्ही त्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घ्यायचात, चहा द्यायचात आणि मग चार ओळी लिहायचात. त्या चार ओळींत रडणं नसायचं, पण नकार द्यायला जागाही नसायची. तुमचे यजमान, आमचे काका, लष्कराच्या कचेरीत कारकून होते. ते गमतीनं म्हणायचे, “हिचा अर्ज टेबलावर आला की आमचे साहेब आधी सरळ बसतात.”

इन्फॉर्मलमध्ये मात्र आम्ही सगळेच ढ होतो. सुट्टीला बोलावणारं मैत्रिणीला पत्र लिहा, असा प्रश्न होता. मी लिहिलं, आय रिक्वेस्ट यू टू काइंडली व्हिजिट माय व्हिलेज. तुम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचलंत आणि विचारलंत, “अर्चना, ही तुझी मैत्रीण आहे की तहसीलदार?”

वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा कुठं माहीत होतं, हाच प्रश्न पुढे मी तुम्हाला विचारणार आहे.

शाळेनंतर मी द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या एका ऑफिसात लागले. तिथल्या मेल्स लिहिता लिहिता शिकले आणि मग कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत हा वर्ग काढला. ओझरच्या कारखान्यातली मुलं येतात, बँकेतल्या मुली येतात. साहेबाला काय लिहायचं, सोबतच्याला काय लिहायचं, एवढंच शिकवते. कुणी साहेबाला ‘हे ब्रो’च्या चालीवर लिहितं, कुणी मित्राला वाढदिवसाच्या ‘हार्दिक शुभेच्छा कळवण्यात येतात’ अशा थाटाचं इंग्रजी लिहितं. तुमच्याच शिदोरीवर चाललंय सगळं. हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले.

एक दिवस तुम्ही वर्गाचा जिना चढून आलात तेव्हा मी आधी खुर्चीच पुढे केली. तुम्ही दम खात बसलात. कॅम्पातून शालिमार चौकापर्यंत बसनं आणि पुढे रिक्षानं आला होतात. मला वाटलं, कुणाची तरी शिफारस घेऊन आला असाल.

“मला इन्फॉर्मल शिकव,” तुम्ही म्हणालात.

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “वाच. खालून वर.”

सगळ्यात खाली काका गेले त्या दिवसाची मेल होती. काकांना पक्षाघाताचा झटका आल्याचं, तुम्ही लगेच आयर्लंडला मंदारला फोन केल्याचं मला माहीत होतं. त्यानं नुकतीच नोकरी बदलली होती. पुढच्या आठवड्यात निघतो, म्हणाला होता. काका तेवढे थांबले नाहीत. अग्नी पुतण्यानं दिला, तेव्हा मी तिथं होते. मंदारला कुणी आणि कसं कळवलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती मेल अशी होती. ‘डिअर मंदार, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट युवर फादर एक्स्पायर्ड धिस मॉर्निंग. द लास्ट राइट्स विल बी परफॉर्म्ड टुडे. यू नीड नॉट मेक एनी चेंज इन युवर प्लॅन्स.’

मी ‘एक्स्पायर्ड’ या शब्दावर थांबले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

त्याच्या वर त्याचं उत्तर. ‘डिअर मदर, आय अ‍ॅम इन रिसीट ऑफ युवर मेल. आय रिग्रेट माय इनॅबिलिटी टू अटेंड.’ चूक एकही नव्हती. तुम्हीच शिकवलं होतं त्याला.

“त्यानं फोन नाही केला?” मी विचारलं.

“खूप केले. मी उचलले नाहीत. मग हे आलं.”

त्यानंतर काही वर्षं असंच. दिवाळीला ‘विशिंग यू’, वाढदिवसाला ‘मेनी हॅपी रिटर्न्स’, घरपट्टीबद्दल एक, मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल एक. सगळ्या मेल्स नीटनेटक्या, खाली दोघांचीही पूर्ण नावं. आई आणि मुलगा एकमेकांना पूर्ण नावानं सही करत होते, बाई.

“मराठीत लिहा ना सरळ,” मी म्हटलं.

“मराठीत लिहायला बसलं की दोनच गोष्टी सुचतात. एक शिवी आणि एक हाक. दोन्ही नको. मधलं काहीतरी हवंय मला. म्हणून तुझ्याकडे आले.”

मग तुम्ही दर बुधवारी यायला लागलात. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढा हट्टी विद्यार्थी मला भेटला नाही. ‘आय अ‍ॅम’चं ‘आय’म’ करायला तुमचा हात धजेना. “मधलं अक्षर का खायचं? कसली एवढी घाई?” म्हणायचात. ‘काइंडली’ काढला की तुम्हाला वाक्य उघडं पडल्यासारखं वाटायचं. ‘डिअर’च्या जागी ‘हाय’ लिहायला सांगितलं तेव्हा तर पेन खालीच ठेवलंत.

“हाय म्हणजे बाजारात लांबून कुणी ओळखीचं दिसल्यावर. पोटच्या मुलाला हाय?”

मला एकदम आमच्या मळ्यातले दादा आठवले. मोटरच्या खोलीबाहेर उभे राहून रोज सकाळी ओरडायचे, ‘लाईट हाय का रं?’ मी म्हटलं, “बाई, आमच्याकडे हाय म्हणजे आहे. हाय मंदार म्हणजे मंदार आहे. एवढंच लिहा.”

तुम्ही फोन घेतलात आणि एका बोटानं लिहिलंत. ‘हाय मंदार. इट’स हॉट हिअर. आय’म ओके. हाउ’ज युवर बॅक?’ त्याची पाठ दुखते हे तुम्हाला त्याच्या मावसबहिणीकडून कळलं होतं. मेल पाठवून तुम्ही पदरानं कपाळ पुसलंत. उरलेला तास आपण काहीच शिकलो नाही.

उत्तर आलं, ‘डिअर मदर, थँक यू फॉर युवर मेल. माय बॅक इज बेटर. रिगार्ड्स.’ खाली पूर्ण नाव.

तुमचा चेहरा मला बघवेना. आणि तिथंच आपलं भांडण झालं. मी चिडून म्हटलं की हे सगळं इंग्रजी बंद करा, सरळ फोन लावा, तुम्हीच भिंत बांधलीत त्या एका मेलनं. फॉर्मल लिहून माणसं तोडता येतात, जोडता येत नाहीत.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, “अर्चना, त्या दुपारी फोन माझ्या हातात होता. बाहेर माणसं जमलेली. नंबर लावला असता आणि तो ‘हॅलो आई’ म्हणाला असता, तर मी म्हटलं असतं, तू मारलंस त्यांना. माझ्या ओठावर होतं ते. एकदा बोलले असते की संपलं. मुलगाही गेला असता. म्हणून आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. धिस इज टू इन्फॉर्म यू लिहिताना माणसाला ओरडता येत नाही.”

“मग हे त्याला सांगा.”

“नाही. आणि तूही कधी सांगायचं नाहीस.”

“का पण?”

“कारण मग त्याला कळेल, मला तसं वाटलं होतं.”

तरी मी हटले नाही. म्हटलं, त्याला हे न सांगता तुम्ही कितीही अक्षरं खाल्लीत तरी ते इन्फॉर्मल होणार नाही. तुम्ही पर्स उचललीत आणि गेलात. पुढच्या बुधवारी आला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला नाही, कारण माझंच बरोबर आहे असं मला वाटत होतं.

मग एके दिवशी दुपारी जिन्यावर तुमची चप्पल वाजली. आत येऊन तुम्ही बसलासुद्धा नाहीत, उभ्यानंच फोन पुढे धरलात. मंदारचा मेसेज होता. मेल नव्हे, साधा मेसेज. ‘आई यू ओके?’

“क्रियापद कुठंय यात?” तुम्ही म्हणालात. “स्वल्पविराम कुठंय?” आणि माझ्या विद्यार्थ्यांसमोर रडायला लागलात. ओझरच्या कारखान्यातल्या मुलांनी गुपचूप वह्या आवरल्या आणि ती खाली चहाला निघून गेली.

आपलं भांडण मिटलं, पण संपलं नाही. तो विषय पुन्हा कुणीच काढला नाही. तुमचे आणि त्याचे मेसेज मात्र सुरू झाले. पाऊस, गुडघे, तिथली थंडी, इथले वांग्यांचे भाव. तुम्ही त्याला ‘टू टायर्ड टू कुक, एट बिस्किट्स’ असं लिहिलंत आणि मला अभिमानानं दाखवलंत. कर्ता खाल्ला होता तुम्ही त्यात. काकांबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. ते दोघांनीही सांभाळून बाजूला ठेवलं होतं.

तुमच्या हृदयानं दगा दिला तेव्हा मी त्याला फोन केला. आठवडा, नोकरी, काही बोलला नाही. नुसतं “निघालो” म्हणाला आणि आला. तुमच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. म्हणून तो शेजारच्या स्टुलावर बसलेला असतानाही तुम्ही त्याला फोनवर मेसेज लिहायचात. त्यानं मला नंतर ते दाखवले. ‘यू लुक थिन.’ ‘नर्स इज न्यू, बी नाइस.’ ‘हू कट युवर हेअर?’ शेवटच्या सकाळचा, ‘गो इट समथिंग.’ तो खाली कँटीनमध्ये गेला आणि पोहे खाऊन वर आला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, डोळे मिटलेत आणि दुपारच्या आत गेलात.

बाई, तुम्ही जाताना तो होता. हे मी स्वतःला रोज सांगते.

नंतरचे दिवस तो घरात फोन घेऊन बसायचा. येणाऱ्या प्रत्येक ‘हार्टफेल्ट कंडोलन्सेस’ला ‘थँक यू फॉर युवर काइंड वर्ड्स’ असं उत्तर द्यायचा. एकालाही सोडलं नाही. मी म्हटलं, राहू दे रे, सगळ्यांना कशाला. तर म्हणाला, “ताई, हेच बरंय. कालपासून मावशीचे तीन फोन आले, ती माझ्या लहानपणचं सांगते आणि मला ऐकवत नाही. या लोकांना माहीत आहे कुठवर यायचं.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुम्ही त्या दिवशी मला काय सांगत होतात. मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले की फॉर्मल साहेबासाठी, इन्फॉर्मल आपल्या माणसासाठी. आपल्या माणसालाही कधी कधी थोडं अंतर लागतं, नाहीतर तो कोसळतो, हे मी शिकवलं नाही. आता शिकवीन. भांडणातला तुमचा हा भाग मी मान्य करते. माझा भाग मी अजून सोडलेला नाही.

म्हणून मी तुमचं ऐकलं नाही, बाई. ते सांगायलाच आज बसलेय.

अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर निघालो होतो. मंदार गाडी चालवत होता. नाशिक रोडच्या सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाला, “आम्ही बाबांबद्दल बोललोच नाही. तिनं मला ती मेल का पाठवली, अर्चनाताई? बाप गेल्याचं असं कळवतं का कुणी? मी ऑफिसात होतो. शेजारचा मला विचारत होता, काही अर्जंट आहे का.”

तुम्ही सांगू नको म्हणाला होतात. तुमचा शब्द मी आयुष्यात कधी मोडला नव्हता. तुम्ही असतात तर हाही मोडला नसता. पण तुम्ही नव्हतात, आणि तो होता, आणि तेरावं झालं की त्याचं परतीचं विमान होतं. मी सगळं सांगितलं. हातातला फोन, बाहेर जमलेली माणसं, ओठावर आलेलं वाक्य. ते वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. मऊ केलं नाही.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्यानं गाडी बाजूला घेतली.

स्टिअरिंगवर हात ठेवूनच म्हणाला, “तिला तसं वाटलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. मलाही तसंच वाटत होतं ना. पण ती ते गिळून बसली, माझ्यासाठी, हे नव्हतं कळलं. मी समजलो, तिला माझा आवाजही नको होता.”

“तिला तुझाच आवाज हवा होता,” मी म्हटलं. मग त्यानं गाडी चालू केली.

मी चूक केली असेल तर माझ्यावर रागवा. तुमचा राग मला चालेल. तुमची शांतता सोसत नाहीये.

रामकुंडावर गर्दी होती. गुरुजी घाईत होते, त्यांच्यामागे आणखी दोन कुटुंबं थांबलेली. अस्थी सोडून झाल्या. मंदार गुडघाभर पाण्यात उभा होता. गुरुजींनी त्याच्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं, तुमचं नाव घ्यायला लावलं. त्यानं घेतलं. मग त्यांनी विचारलं, “वडील आहेत?”

“नाहीत.”

“मग त्यांनाही द्यायचं. नाव सांगा.”

ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. मंदार म्हणाला, “गुरुजी, त्यांच्या वेळी मी नव्हतो इथं.”

गुरुजींनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. मागच्या लोकांना हातानंच थांबा म्हणून खूण केली, त्याची ओंजळ पुन्हा भरली आणि म्हणाले, “आत्ता आहात ना? घ्या नाव.”

काकांचं नाव घेताना मंदारचा आवाज फुटला, अर्ध्यावर अडला. गुरुजींनी घाई केली नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी नाव पूर्ण घेतलं, मोठ्यानं, पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मला ऐकू येईल असं.